सगळं ठीक असेल तर उचलू नकोस

माणसाला टोपणनाव पडतं ते बहुधा त्याच्या खोडीवरून. जपूनरावांना ते त्यांच्या भीतीवरून पडलं होतं. वजनकाट्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक काटा त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे, आणि टेबलावर काटा ठेवणाऱ्याला ते न चुकता म्हणत, "जपून." जिना उतरणाऱ्याला जपून, चहा ओतणाऱ्याला जपून, एकदा तर स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्या सहकाऱ्यालाही ते सवयीने "जपून" म्हणून गेले. तो बिचारा बरेच दिवस विचारात होता.

घरी गेल्यावर ही भीती चप्पल काढून ठेवत नसे. रात्री ते दाराची कडी लावत, मग ती लागली का ते बघत, आणि अंथरुणावर पडल्यावर ती आपणच लावली ना, याची बायकोकडून खात्री करून घेत. बायको मात्र वेगळ्या मातीची होती. पाल दिसली तर केरसुणीने बाहेर काढायची, वीज गेली तर अंधारातच उरलेली कामं उरकायची. शेजारणी विचारत, "वहिनी, तुम्हाला कशाचीच भीती कशी वाटत नाही हो?" ती म्हणायची, "माझ्या वाटचंही हेच भितात. मग मी कशाला भिऊ?"

घरात माणसं दोन आणि भिणारं एक, असा हा संसार बरीच वर्षं सुरळीत चालला होता. त्यात मालकांनी एक दिवस जपूनरावांना खोलीत बोलावलं आणि बसा म्हणाले. मालक बसा म्हणाले तेव्हाच यांनी ओळखलं, बातमी वाईट आहे.

"परदेशातून नवं तपासणी यंत्र घेतोय," मालक म्हणाले. "ते चालवायला शिकून यायचंय. पंधरा दिवस. इंजिनियर जाणार होता, पण त्याने पाय मोडून घेतलाय."

"कसा?"

"जिन्यावरून उतरताना."

"मी त्याला सांगितलं होतं," जपूनराव म्हणाले.

"म्हणूनच तुम्ही जा," मालक म्हणाले. यात 'म्हणूनच' कुठून आलं ते जपूनरावांना कळलं नाही, पण मालकांच्या बोलण्यातले शब्द तपासायला ते काही काट्यावर ठेवता येत नाहीत.

आता परदेशी जायचं म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला विमानाची भीती वाटली असती, परक्या भाषेची वाटली असती. जपूनरावांना याही भीती वाटल्याच, त्यांनी एकीलाही नाराज केलं नाही. पण सगळ्यांत मोठी भीती निराळीच होती. लग्न झाल्यापासून ते बायकोला एकटं टाकून एक रात्रही बाहेर राहिले नव्हते. ती न्हाणीघरात घसरली तर? गॅस चालू राहिला तर? पंधरा दिवस ती जिवंत आहे हे आपल्याला कळणार कसं? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. जपूनरावांना वैरी नव्हता, त्यामुळे सगळं काम मनालाच करावं लागे.

हे त्या काळातलं, जेव्हा घरचा फोन तारेने भिंतीला बांधलेला असे. मोबाइल नुकताच खिशात आला होता, पण तो खिशाबाहेर काढताना माणूस दोनदा विचार करी. परदेशातून घरी बोलायचं म्हणजे आधी मजकूर पाठ करून मग श्वास न घेता म्हणून टाकायचा, अशी रीत होती. तेव्हा परदेशातून स्वस्तात बोलायचं कसं, हा प्रश्न जपूनरावांनी जिन्यात एकदा, नुसता एकदाच, तोंडातून काढला. पुढचा आठवडा इमारतीत दुसरा विषय नव्हता.

समोरच्या दारातले वकीलसाहेब हे खरे वकील नव्हते. त्यांनी जन्मभर कोर्टात कारकुनी केली होती, पण निवृत्त झाल्यावर लोकांनी त्यांना आपापसांत बढती दिली होती. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. समोरच्याच्या तोंडात हत्यार घालून मग त्याला प्रश्न विचारायची आयुष्यभराची सवय, त्यामुळे उत्तर ऐकायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि दोन गल्ल्या सोडून बायकोचा भाऊ राहायचा. तो एकदा परदेशी जाऊन आला होता. किती दिवस, ते तो सांगत नसे, पण त्यानंतर त्याचं प्रत्येक वाक्य "आम्ही तिकडे असताना" असंच सुरू होई.

"आम्ही तिकडे असताना," मेहुणा म्हणाला, "रोमिंगच घेतलं होतं. डोळे मिटून रोमिंग घ्या, भावोजी."

जपूनराव डोळे उघडे ठेवूनच फोन कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी व्हिसा मागितला. व्हिसा अजून व्हायचा होता. मग ते व्हिसाच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसाने अर्जावर बोट ठेवून विचारलं, "तिकडे चालणारा फोन नंबर?" ते म्हणाले, "व्हिसा मिळाला की नंबर मिळेल." तो म्हणाला, "नंबर मिळाला की व्हिसा मिळेल." या दोन खिडक्यांच्या मध्ये जपूनरावांनी बुटांचे तळ झिजवले. शेवटी कारखान्याच्या एजंटाने वैतागून अर्जावर लॉजचा नंबर लिहून दिला, आणि व्हिसा हातात घेऊन जपूनराव पुन्हा कंपनीच्या बाईंसमोर उभे राहिले.

"तुम्ही फोन केलात तरी पैसे," बाईंनी समजावलं, "आणि तुम्हाला कुणी केला तरी तुम्हालाच पैसे."

"आणि फोन लागला पण दोघंही गप्पच राहिलो तर?"

"तरी पैसे."

जपूनरावांनी बाईंचे आभार मानले, घरी येऊन मोबाइल टॉवेलात गुंडाळला आणि कपाटात तळाशी ठेवला. तिकडे गेल्यावर तो आपणहून वाजला तर काय घ्या!

डॉक्टर म्हणाले, "विमानतळावर उतरलात की तिकडचंच सिम घ्या. पासपोर्ट दाखवला की लगेच देतात. काय? झालं तर मग." आणि उत्तर न ऐकता जिना चढून गेले. पण पासपोर्ट अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा, ही कल्पनाच जपूनरावांना सहन होईना. तो हरवू नये म्हणून त्यांनी बनियनला आतून खिसा शिवून घेतला होता. त्यासाठी बायकोने कपाळावर हात मारला होता, पण शिवून दिला होता.

मेहुण्याने मग मोठ्या मनाने आपल्याकडचं एक कॉलिंग कार्ड आणून दिलं. त्यावर छापलेला नंबर फिरवायचा, मग खरवडून दिसणारे आकडे दाबायचे, मग घरचा नंबर. "अजून पुष्कळ मिनिटं शिल्लक आहेत यात," तो म्हणाला. "आम्ही तिकडे असताना वापरायची वेळच आली नाही."

"का?"

"तिकडे कोण बोलतंय हो घरी!"

बहिणीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो चहा न घेताच निघाला.

शेवटी तोडगा काढला तो वकीलसाहेबांनी. एका संध्याकाळी ते येऊन खुर्चीत बसले आणि निकाल वाचून दाखवावा तशा आवाजात म्हणाले, "जपूनराव, न उचललेल्या फोनला बिल नसतं."

"म्हणजे?"

"तुम्ही तिकडून रोज ठरल्या वेळी फोन करायचा. परदेशातून आलेल्या फोनची घंटी लांबलचक असते, ती ओळखू येतेच. घंटी वाजली, की इकडे वहिनींना कळलं, तुम्ही सुखरूप आहात. आणि वहिनींनी उचलला नाही, की तिकडे तुम्हाला कळलं, घरी सगळं ठीक आहे. खर्च शून्य."

"आणि घरी काही झालं तर?" बायकोने विचारलं.

"तर उचलायचा."

जपूनरावांना हा तोडगा इतका आवडला की त्यांनी वकीलसाहेबांना आग्रहाने आणखी एक चहा पाजला. बायकोने रिकामे कप उचलले. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही फोन करणार, आणि मी नुसती बघत बसणार?"

"ऐकत बसणार," वकीलसाहेब म्हणाले.

मग सुरू झाली तालीम. जपूनराव वकीलसाहेबांकडे जाऊन तिथून घरी फोन लावत, आणि घंटी वाजते न वाजते तोच बायको उचलून म्हणे, "हॅलो?" जन्मभराची सवय, हात आपोआप जाई. "अगं, उचलू नकोस!" जपूनराव ओरडत, ते फोनमधूनही ऐकू येई आणि समोरच्या दारातूनही. बायकोने हातात विणकाम घेऊन पाहिलं, कणीक भिजवायला घेऊन पाहिलं. पिठाच्या हाताने उचलला. शेवटी ती फोनसमोर स्टुलावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली, तेव्हा कुठे फोन वाजून वाजून आपणहून थांबला. वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. इमारतीत बातमी पसरली, आणि ज्यांची ज्यांची मुलं बाहेरगावी होती त्या सगळ्यांनीच ही पद्धत उचलून धरली. लांब घंटी वाजली की हात आखडायचा, असा तिथला शिरस्ताच झाला.

निघायच्या दिवशी जपूनराव दारात म्हणाले, "जपून." बायको म्हणाली, "तुम्ही जपून." मग दोघांनाही पुढे काही सुचेना. टॅक्सीवाला हॉर्न वाजवू लागला म्हणून बरं.

विमानतळावर पासपोर्ट मागितल्यावर जपूनरावांना रांगेत उभं राहून शर्टाची बटणं सोडावी लागली. मागे एक सभ्य कुटुंब उभं होतं, त्यांनी मुलांचे डोळे झाकले. हा प्रसंग जपूनरावांनी पुढे कुणालाही सांगितला नाही, तेव्हा आपणही तो इथेच सोडून देऊ.

लॉज लहानसा होता. खोलीत फोन नव्हता, खाली काउंटरवर होता, आणि काउंटरमागे एक पोक्त, गोल चेहऱ्याच्या बाई बसलेल्या असत. पहिल्या सकाळी जपूनरावांनी मेहुण्याचं कार्ड काढलं. नंबर फिरवून कार्डाचे आकडे दाबताच एक यंत्राची बाई बोलू लागली. आधी तिने स्वागत केलं. मग निरनिराळ्या भाषांत कुठली भाषा हवी ते विचारलं. मग कार्ड घेतल्याबद्दल अभिनंदन केलं. जपूनराव भिडस्त माणूस, बाईमाणूस बोलत असताना मध्ये घरचा नंबर कसा दाबायचा? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिने अतिशय गोड आवाजात शिल्लक संपल्याचं सांगितलं आणि फोन बंद झाला.

मग त्यांनी वकीलसाहेबांच्या पद्धतीने थेट घरी फोन लावला. घंटी वाजू लागली. जपूनराव कान देऊन ऐकत राहिले. वाजत राहिली, वाजत राहिली, आणि कुणीही फोन उचलला नाही! जपूनरावांचा चेहरा उजळला. त्यांनी रिसीव्हर अलगद ठेवला, काउंटरवरच्या बाईंना वाकून "धन्यवाद" म्हटलं आणि आनंदाने कामाला गेले.

दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तेच. चौथ्या सकाळी काउंटरवरच्या बाईंनी त्यांच्यापुढे न मागता कॉफी आणि बिस्किटं ठेवली. आदल्या दिवसापेक्षा जास्त बिस्किटं होती. "घरी?" त्यांनी हळूच विचारलं. जी मोडकीतोडकी भाषा दोघांना मिळून येत होती, तीत जपूनरावांनी सांगितलं, "हो, बायको."

"उचलत नाही?"

"नाही," जपूनराव प्रसन्नपणे म्हणाले. "रोज उचलत नाही. फार छान."

बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

जपूनरावांना आपण काय बोलून बसलो ते कळायला दुपार उजाडली. यंत्र शिकवणारे गृहस्थ होते, त्यांना जपूनराव मनातल्या मनात मास्तर म्हणत. मास्तर काउंटरवरच्या बाईंचे आतेभाऊ निघाले. त्यांनी यंत्र बंद केलं, जपूनरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझीही गेली सोडून. पहिलं वर्ष जड जातं. मग माणूस मासे पकडायला शिकतो."

"माझी कुठे गेलेली नाही हो!" जपूनराव म्हणाले. "फोनसमोरच बसलेली असते. ठरवून उचलत नाही."

"हो ना," मास्तर उसासा टाकून म्हणाले. "माझीही ठरवूनच उचलत नसे."

परक्या मुलखात चारचौघांत अशी बायकोने टाकलेला माणूस म्हणून कीव व्हावी, याने जपूनरावांचा स्वाभिमान फार दुखावला. पण खुलासा करायचा तर शब्द कुठून आणणार? त्यांना तिकडच्या भाषेत वजनमापं सांगता येत होती, संसार सांगता येत नव्हता. त्यांनी मान खाली घातली आणि काम पुढे चालू केलं. लोकांना ती मान खाली घालणंही पटलं.

आणि त्याच दिवशी, त्या यंत्रासमोर, त्यांच्या मनात खरी भीती शिरली.

मास्तरांनी तपासायला एक काटा पुढे सरकवला होता. काटा शून्य दाखवत होता. जपूनरावांनी सवयीने त्यावर वजन ठेवलं, तरी काटा शून्यच. अडकला होता. हे तर त्यांच्या धंद्यातलं पहिलं सूत्र: काटा शून्यावर आहे म्हणजे तो बरोबर आहे असं नव्हे. रिकामा चांगला काटाही शून्य दाखवतो आणि मेलेला काटाही शून्यच दाखवतो. नुसतं शून्याकडे बघून दोन्हींतला फरक कळत नाही.

जपूनरावांच्या हातून वजन खाली पडलं. फोन उचलला नाही म्हणजे सगळं ठीक आहे. पण फोन उचलायला कुणी उरलंच नसेल तर? तरीही घंटी अशीच वाजणार! अशीच वाजून वाजून थांबणार! आणि आपण इकडे रोज बिस्किटं खात "फार छान" म्हणणार!

"हळू," मास्तर पडलेलं वजन उचलत म्हणाले. "पहिलं वर्ष असंच जातं."

त्यानंतर जपूनरावांचा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी ते घंटी ऐकत, पण आता तीत त्यांना बायको दिसेना. रिकामी खोली दिसे. न्हाणीघराचं दार दिसे, अर्धवट उघडं. कधी वाटे, पहिल्या दिवसापासूनच ती पडलेली असेल, मग कधी वाटे, कालपर्यंत ठीक असेल, आजच पडली असेल. ते घंटी पार शेवटपर्यंत वाजू देत, की ती जिवंत असेल तर कंटाळून तरी उचलेल. मग लगेच वाटे, उचललाच तर? उचलला म्हणजे तर नक्कीच काहीतरी झालं! म्हणजे उचलला नाही तरी भीती आणि उचलला तरी भीती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये जपूनराव काउंटरला घट्ट धरून उभे.

वकीलसाहेबांच्या तोडग्यात एवढं मोठं भगदाड होतं, आणि ज्या माणसाचा उभा जन्म काटे तपासण्यात गेला त्यालाच ते दिसलं नव्हतं. स्वस्त मिळतं म्हटल्यावर माणूस तपासत नाही, हेच खरं.

दुसरा आठवडा सुरू झाल्यावर एका सकाळी त्यांनी फोन लावला. घंटी वाजली. काउंटरवरच्या बाई रोजच्यासारख्या त्यांच्याकडे न बघण्याचं नाटक करत होत्या. मास्तर त्यांना न्यायला आले होते, ते टोपी हातात धरून दारात उभे होते. घंटी वाजली, वाजली, आणि मधेच थांबली.

कुणीतरी फोन उचलला होता.

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. बोलायला हवं होतं, पण हाताला दहा दिवसांची सवय. त्या हाताने, धन्याला न विचारता, रिसीव्हर ठेवून दिला.

"उचलला!" काउंटरवरच्या बाई आनंदाने ओरडल्या. त्यांचे कान तीक्ष्ण असावेत. "तिने उचलला!"

मास्तर धावत आले आणि त्यांनी जपूनरावांना मिठी मारली. कुठल्याशा खोलीतून दोन प्रवासी बाहेर आले, त्यांना बाईंनी काय सांगितलं कोण जाणे, तेही टाळ्या वाजवू लागले. या सगळ्या जल्लोषात जपूनराव पांढरेफटक पडून उभे होते. "उचलला," ते पुटपुटले. "संपलं सगळं."

"रडा, रडा," मास्तर म्हणाले. "आनंदाचे अश्रू आहेत."

जपूनरावांनी त्यांना बाजूला ढकललं आणि पुन्हा फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. आता काटकसर कुठली आणि पद्धत कुठली! त्यांनी वकीलसाहेबांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना. डॉक्टरांना लावला. वाजत राहिली. उचलेना. अख्खी इमारतच गेली की काय? आग लागली? भूकंप झाला? त्यांना काय माहीत, की तिकडे लांब घंटी ऐकून वकीलसाहेबांनी आपल्या बायकोचा हात वरच्यावर धरला होता आणि समाधानाने म्हणाले होते, "उचलू नकोस. जपूनराव सुखरूप आहेत." आणि डॉक्टरही, शिरस्ता पाळून, घंटीकडे कौतुकाने बघत बसले होते.

राहता राहिला मेहुणा. त्याला लावायचं म्हणजे जिवावर आलं होतं, पण अडला हरी. मेहुण्याने पहिल्या घंटीलाच उचलला. परदेशातून फोन यावा म्हणून तो कित्येक दिवस टपलाच होता.

"भावोजी! सांगत नव्हतो, रोमिंग घ्या म्हणून? आम्ही तिकडे असताना—"

"तुझ्या बहिणीकडे पळ!" जपूनराव ओरडले. "तिने फोन उचलला!"

"अरे देवा!" मेहुणा म्हणाला, आणि फोन तसाच टाकून पळाला. त्याच्या पावलांचा आवाज जपूनरावांना बराच वेळ ऐकू आला, मग नुसतं त्याच्या घरातलं घड्याळ ऐकू येऊ लागलं.

मधला वेळ कसा गेला ते जपूनरावांना कधीच सांगता आलं नाही. काउंटरवरच्या बाईंना आता काहीतरी भलतंच असल्याचं कळलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे केली, पण जपूनरावांना बसवेना. बसलं की वाईट बातमी येते, हा मालकांच्या खोलीतला अनुभव ताजा होता. ते सारखे घरचा नंबर फिरवत होते. एंगेज, एंगेज, एंगेज. लग्न झाल्यापासून आजवर बायकोला आपण काय काय बोललो ते त्यांना आठवू लागलं, आणि बहुतेक सगळं 'जपून' याच शब्दात होतं. दुसरंही काही बोलायला हवं होतं.

आणि मग एकदाची घरी घंटी वाजली. एक घंटी पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला, आणि पलीकडून एकच गलका कानावर आदळला. लाकडाची आदळआपट. पुरुषांचे आवाज. कुणीतरी ओरडत होतं, "उचलू नका, वहिनी, उचलू नका!"

"कोण आहे तिथे?" जपूनराव किंचाळले. "तिला हात लावाल तर याद राखा!"

"अहो, मी आहे," बायकोचा आवाज आला.

जपूनराव मटकन खुर्चीत बसले. ती खुर्ची पुढे केल्याबद्दल त्या बाईंचं देव भलं करो.

"अगं, काय झालं?"

"दार मोडलं."

"कुणी?"

"डॉक्टरांनी. माझा भाऊ ढकलत होता आणि वकीलसाहेब सूचना देत होते. मी न्हाणीघरात होते, नळ सोडलेला होता, ऐकू आलं नाही. बाहेर येऊन बघते तर दार आडवं आणि दारावर डॉक्टर. बाजूला काढलेला फोन जागेवर ठेवला, तोच वाजला."

"ते राहू दे. त्याच्या आधी काय झालं? तू फोन का उचललास?"

पलीकडे तिने दाराशी जमलेल्या मंडळींना गप्प बसवलं.

"बोल ना. पडलीस? दुखतंय कुठे?"

"काही नाही झालं."

"काही झालं नसेल तर उचलायचा नाही, असं ठरलं होतं ना?"

"माहीत आहे मला," ती म्हणाली. मग आवाज खाली करून, बहुधा मोडक्या दाराकडे पाठ करून बोलू लागली. "रोज दुपारी फोन वाजतो. मी समोर बसते, हात मांडीखाली घेऊन. वाजतो, वाजतो आणि थांबतो. मग मी उठते. आज मला उठवेना. म्हटलं, घंटी काय, कुणीही वाजवेल. हेच आहेत कशावरून? यांना काही झालं असेल आणि दुसराच कुणी कळवायला फोन करत असेल, आणि मी शहाणी इथे हात दाबून बसले असेन तर? म्हणून उचलला. आणि तुम्ही ठेवून दिलात."

जपूनरावांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"मला वाटलं, खर्च झाला म्हणून रागावलात," ती म्हणाली. "मग मी फोन बाजूला काढून ठेवला आणि न्हाणीघरात गेले. नळ सोडला की रडलेलं बाहेर ऐकू जात नाही."

इतक्या वर्षांत जपूनरावांनी हिला रडताना पाहिलं नव्हतं. ती रडतच नाही, असं त्यांना वाटत आलं होतं. नळ किती वेळा सोडलेला होता ते आता कोण सांगणार.

"मी रागावलो नव्हतो," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो गं."

"ते काय नवीन आहे?" ती म्हणाली, आणि नाक ओढून हसली. ते हसणं कानावर पडलं, आणि जपूनराव काउंटरवरच्या बाईंसमोर, मास्तरांसमोर आणि त्या दोन अनोळखी प्रवाशांसमोर ढसाढसा रडले. मास्तरांनी सगळ्यांकडे पाहिलं. मी म्हटलं नव्हतं का, असा त्यांचा चेहरा होता.

"फोन ठेवा आता," बायको म्हणाली. "बिल चढतंय."

"चढू दे. बोल तू."

"काय बोलू?"

"काहीही. डॉक्टर उठले का दारावरून?"

ती बोलत राहिली. डॉक्टरांचा खांदा धरला होता. वकीलसाहेब सुताराविरुद्ध दावा लावता येईल का ते बघत होते, दार इतकं कच्चं कसं, म्हणून. भाऊ सगळ्यांना सांगत होता, की तिकडे असताना दारं अशी नसतात. जपूनराव ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्यापासून सगळं ठीक असेल तर फोन उचलायचा."

"आणि नसेल तर?"

"तरी उचलायचा."

ठरल्या दिवशी जपूनराव परतले. लॉजच्या बाईंनी निरोप देताना बिस्किटांचा पुडा दिला होता, तो बनियनच्या खिशात पासपोर्टाशेजारी चुरा होऊन आला होता. जिना चढून दाराशी आले आणि थबकले. दार नुसतं टेकवलेलं होतं. कडी नव्हती, बिजागरी एकच होती, आणि आतून दाराला एक सुतळी बांधून ती खिळ्याला अडकवली होती. सुतार आज येतो, उद्या येतो करत अजून यायचाच होता. जपूनरावांनी दाराला बोट लावलं आणि सुतळी सुटून आली.

बायको आतून हात पुसत आली. जपूनराव ती सुतळी हातात धरून उभे होते.

"इतके दिवस तू अशी राहिलीस?" त्यांनी विचारलं. "कडीशिवाय? एकटी? तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की," ती म्हणाली. "तुम्ही नव्हतात ना इथे. माझ्या वाटचं मग मलाच भ्यावं लागलं."

जपूनरावांनी बॅग खाली ठेवली. त्या रात्री सुतळी त्यांनीच बांधली, ती नीट बसली का ते पाहिलं, आणि अंथरुणावर पडल्यावर आपणच बांधली ना, म्हणून विचारलं. बायको "हो, तुम्हीच" म्हणाली आणि कूस वळवून लगेच झोपली.